गाजलेल्या गाण्यांची संकलने आणि कव्हर अल्बम: पार्श्वभूमी

कोलंबिया कंपनीने 1948 मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, बाजारात आणली आणि तबकडीच्या एका बाजूवर वीसएक मिनिटांचे संगीत मावू लागले. तरीही लोकप्रिय गाणी त्यानंतर बरीच वर्षे सुट्या, छोट्या तबकड्यांवरच खपत राहिली. गायक जॉनी मॅथिसची अशी विखुरलेली गाणी कंपनीने 1958 मध्ये ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’ या नावाने एकत्र आणली. हे संकलन बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या खपाच्या यादीत 490 आठवडे टिकले आणि एकदा विकलेले गाणे पुन्हा विकता येते, हे सगळ्याच कंपन्यांना उमगले. दहा लाख प्रतींच्या विक्रीसाठीचे अमेरिकेतले पहिले प्लॅटिनम प्रमाणपत्रही ईगल्स या बँडच्या 1976 च्या संकलनालाच मिळाले.

हिशेब व्यापाराचा असला, तरी निवड विचारपूर्वक झाली की कलावंताची वाटचाल ऐकू येते. बीटल्सची 1973 मधली लाल आणि निळा अल्बम ही संकलने मला याच कारणासाठी सर्वांत सरस वाटतात. ‘लव्ह मी डू’मधल्या साध्या माउथ ऑर्गनपासून ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या गूढ सुरावटीपर्यंत हे चौघे पाच वर्षांच्या आतच पोहोचले, हे गाणी कालक्रमाने लावल्यामुळे थेट जाणवते.

कव्हर अल्बमचे, म्हणजे इतरांची आधीच ध्वनिमुद्रित झालेली गाणी नव्याने गाऊन केलेल्या अल्बमचे, मूळ कायद्यात आहे. पियानो रोलच्या (आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायच्या, छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांच्या) धंद्यात एकाच कंपनीची मक्तेदारी होऊ नये म्हणून अमेरिकेच्या 1909 च्या कॉपीराइट कायद्याने अशी तरतूद केली की, मालकाच्या संमतीने एकदा ध्वनिमुद्रित झालेले गाणे प्रत्येक प्रतीमागे 2 सेंट भरून कोणालाही पुन्हा ध्वनिमुद्रित करता यावे. एला फिट्झजेराल्डने 1956 मध्ये कोल पोर्टरच्या गाण्यांचा संग्रह गायला, तर ऑक्टोबर 1973 मध्ये ब्रायन फेरी आणि डेव्हिड बोवी या दोघांचेही कव्हर अल्बम आले.

बीटल्सपैकी जॉन लेननची गोष्ट या सगळ्यांत वेगळी आहे. ‘कम टुगेदर’मध्ये चक बेरीच्या ‘यू कान्ट कॅच मी’मधली ओळ घेतल्यावरून प्रकाशक मॉरिस लेव्ही याने त्याच्यावर दावा लावला आणि तडजोड म्हणून लेव्हीच्या मालकीची गाणी ध्वनिमुद्रित करण्याचे लेननने कबूल केले. त्यातून 1975 चा ‘रॉक ’न’ रोल’ हा अल्बम आला. ज्या गाण्यातली ओळ घेतल्यावरून दावा झाला ते ‘यू कान्ट कॅच मी’च त्यात लेनन पूर्ण ताकदीने गातो; मात्र त्याच अल्बममधले ‘स्टँड बाय मी’ लेव्हीच्या मालकीचे नव्हते, ते लेननने स्वतःहून निवडले होते.