नमतं घेणं आणि वेळ मारून नेणं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे लूम चालवणारा माझा एक मित्र संध्याकाळच्या बातम्यांवर हमखास चिडतो. 2025 च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हापासून तर जास्तच. "जपान बघ, कोरिया बघ. अमेरिकेचे दोस्त म्हणे! 15 टक्क्यांवर सह्या करून सगळे नमले." मी म्हणतो, सही दिसली म्हणजे नमले असं नाही. नमतं घेणं वेगळं आणि वेळ मारून नेणं वेगळं. लांबून दोन्हीत मान खालीच दिसते.

नमतं घेणारा आपलं धोरण सोडतो आणि ते सहसा परत हाती येत नाही. वेळ मारून नेणारा शब्द देतो, हसून फोटो काढतो, पण त्यातला जड भाग पुढं ढकलतो किंवा आपल्या सोयीचा करून घेतो.

ब्रिटननं दहा-बारा वर्षांत दोन्ही करून दाखवलं. 1956 साली सुएझ कालव्यासाठी ब्रिटन आणि फ्रान्सनं इजिप्तमध्ये सैन्य उतरवलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते पसंत नव्हतं. पौंड घसरत होता, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पैसा हवा होता आणि अमेरिकेनं नेमकी तीच वाट अडवली. 6 नोव्हेंबरला युद्धबंदी, डिसेंबर संपायच्या आत सैन्य परत, जानेवारीत पंतप्रधान ईडन यांचा राजीनामा. हे सरळ नमणं.

पुढं व्हिएतनाम. अध्यक्ष जॉन्सन यांना ब्रिटनची निदान नावापुरती तरी तुकडी हवी होती, आणि पौंड तेव्हाही अमेरिकेच्याच टेकूवर उभा होता. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी तोंडभर पाठिंबा दिला, मध्यस्थीच्या खटपटी केल्या, 1966 मध्ये हनोई-हायफाँगवरच्या बॉम्बहल्ल्यांपासून अंग काढून घेतलं. लढायला मात्र एक पलटण पाठवली नाही. ऑस्ट्रेलियानं पाठवली. विल्सन यांच्याच पक्षातल्या डाव्यांना ते अमेरिकाधार्जिणे वाटत. मला विचाराल तर तोंडी पाठिंब्यावर इतकं मोठं युद्ध टाळणारा माणूस भारी.

जपानची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. 1981 मध्ये त्यानं अमेरिकेला जाणाऱ्या मोटारींवर वर्षाला 16.8 लाखांची मर्यादा घातली, म्हणायला 'स्वेच्छेनं'. मग कंपन्यांनी कमी गाड्यांत जास्त कमाई व्हावी म्हणून महागडी मॉडेलं पाठवायला सुरुवात केली. होंडानं तर 1982 मध्ये ओहायोतच मोटारींचा कारखाना चालू केला. डॉलर उतरवण्यासाठी झालेल्या 1985 च्या प्लाझा कराराचं तसं झालं नाही. डॉलरला 240 च्या आसपास असलेला येन वर्षभरात दीडशेच्या घरात आला. जपान तिथं राजीखुशीनं गेला असंही म्हणणारे आहेत, पण चढलेला येन पुन्हा जुन्या जागी नेणं त्याच्या हातात राहिलं नाही. मी त्याला नमणंच म्हणतो. निर्यातीचा धंदा करणाऱ्या माझ्या मित्राला हे मोटारींपेक्षा लवकर पटलं.

जून 2025 मध्ये हेग इथं नाटोनं 2035 पर्यंत जीडीपीच्या 5 टक्के संरक्षण खर्चाचं वचन दिलं. त्यातले दीड टक्के पायाभूत सुविधा, सायबर सुरक्षा अशा खात्यांत धरता येतात. मुदत दहा वर्षांची. वेळ मारून न्यायला याहून ऐसपैस कागद कुठला! पण पोलंडसाठी तोच कागद खरा आहे, कारण रशिया दाराशी आहे.

वेळ मारून न्यायला फौज आणि तिजोरी आपल्या हातात लागते. दुसऱ्या बाजीरावानं 31 डिसेंबर 1802 ला वसईचा तह केला. तैनाती फौज कंपनीची, तिच्या खर्चाला 26 लाखांचा मुलूख, परराष्ट्र व्यवहार कंपनीला विचारून. पंधरा वर्षांनी त्यानं गुपचूप सैन्य जमवून सुटायचं बघितलं, तेव्हा उशीर झाला होता. खडकीच्या लढाईनंतर पळापळ, आणि 20 फेब्रुवारी 1818 ला आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीत त्याचे सेनापती बापू गोखले पडले.

मित्र जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, त्याच्या मुंबईच्या व्यापाऱ्यानं दर उतरवायला सांगितलंय आणि त्यानं सकाळीच "हो" कळवलंय. मी विचारलं, "किती दिवसांपुरता?" त्यानं मोबाइल काढून मेसेज वरपासून खालपर्यंत वाचला. तारीख कुठंच नव्हती.