सोडियम बेंझोएट

बेंझोइक अ‍ॅसिडचं सोडियम मीठ (रसायनशास्त्रातल्या अर्थाने मीठ, जेवणातलं नव्हे). खाणं टिकवायला घालतात. पांढरी पूड किंवा बारीक दाणे, चव गोडसर-तुरट, पाण्यात पटकन विरघळतं. खाण्याच्या पाकिटावर INS 211 किंवा E211 दिसलं की ते हेच.

मूळ अ‍ॅसिड पहिल्यांदा कोणी वेगळं केलं यावर एकमत नाही. स्टायरॅक्स जातीच्या झाडांचा सुगंधी डिंक, ज्याला ढोबळपणे ऊद किंवा लोबान म्हणतात (साळईचा डिंक वेगळा, दोघांची गल्लत नेहमी होते), तो कोरडा तापवला की वाफ थंड होऊन सुईसारखे स्फटिक जमतात, हे 16व्या शतकात युरोपात माहीत होतं एवढं नक्की. 1556 च्या सुमाराला नॉस्त्रादेमसने, हो, तोच भविष्यवाला, याचं वर्णन केलं असं बरेच जण धरतात, काही जण 1560 च्या आसपासच्या अलेक्सियस पेडेमॉन्टानसचं किंवा शतकाच्या शेवटच्या ब्लेझ द विजनेरचं नाव पुढे करतात. तारखा पाहता नॉस्त्रादेमसचं पारडं जड वाटतं, पण कृती त्याच्याही आधी औषधं बनवणाऱ्यांच्या हातात असणं सहज शक्य आहे. रासायनिक घडण मात्र 1832 मध्ये लीबिग आणि व्होलर या रसायनतज्ज्ञांनी स्पष्ट केली, त्यात वाद नाही. बुरशी रोखण्याचा गुण 1875 च्या सुमाराला साल्कोव्स्कीने दाखवला असं मानतात.

आता डिंकाचा संबंध उरला नाही. टोल्युइन या पेट्रोलियममधून मिळणाऱ्या द्रवाचं, कोबाल्ट किंवा मँगनीज कॅटॅलिस्ट (क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) वापरून, हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडेशन करतात, मग कॉस्टिक सोड्याने न्यूट्रल केलं की मीठ तयार. थेट अ‍ॅसिडच का घालत नाहीत? तर ते लिटरभर पाण्यात जेमतेम 3 ग्रॅम विरघळतं आणि मीठ 600 ग्रॅमच्या वर.

पण सूक्ष्मजीवांना रोखतं ते मीठ नाही, आंबट पदार्थात त्याचं परत बनलेलं अ‍ॅसिड. अ‍ॅसिडचा पीकेए 4.2, म्हणजे त्या पीएचला (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) निम्मं अ‍ॅसिड अखंड रेणूच्या रूपात असतं, पीएच 3 ला 94 टक्क्यांच्या आसपास, 5 ला 14 टक्के आणि 6 ला जेमतेम दीड टक्का. हा अखंड रेणूच पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो, आत पीएच जास्त असल्यामुळे फुटतो, आतलं आंबटपण वाढवतो आणि यीस्टचं साखर फोडायचं काम मंदावतं. म्हणून कोल्ड्रिंक, सरबत, सॉस, जॅम, लोणचं इथे हे चालतं, दुधात किंवा पावात घालून फारसा उपयोग नाही. यीस्ट-बुरशीवर जोर जास्त, बॅक्टेरियावर कमी, आणि झायगोसॅकरोमायसिस बेली नावाचं यीस्ट तर याला दाद देत नाही. अमेरिकेत खाण्यात वजनाच्या 0.1 टक्क्यापर्यंत चालतं.

सुरक्षिततेची भांडणं जुनी. 1900 च्या दशकात अमेरिकेत सरकारी मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायलीने याला विरोध केला, सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या रेम्सन मंडळाने मात्र थोड्या प्रमाणात अपाय नाही असा निर्वाळा दिला आणि पुढे तोच टिकला. व्हिटॅमिन सी सोबत असेल तर, खास करून उष्णता आणि उजेडात, किंचित बेंझीन (कॅन्सरकारक रसायन) तयार होऊ शकतं, हे 1990 च्या सुमाराला उद्योगाला कळलं होतं, पण खरी बोंब 2005-06 मध्ये झाली आणि काही पेयांचे फॉर्म्युले बदलले. 2007 च्या साउथॅम्प्टन अभ्यासात मुलांच्या चळवळेपणाशी संबंध दिसला, पण तिथे खाण्याचे कृत्रिम रंगही सोबत होते, त्यामुळे दोष एकट्या बेंझोएटवर टाकणं घाईचं.

खाण्याबाहेर टूथपेस्ट, माउथवॉश, पातळ औषधं, शाम्पू. गाडीच्या कूलंटमध्ये गंज रोखायला. शिट्टी मारत जाणाऱ्या आतषबाजीत इंधन म्हणून, एका टोकाला उघड्या नळीत दाबून भरलेलं मिश्रण थांबून-थांबून जळतं त्याचाच तो आवाज. युरिया सायकलच्या (शरीरातल्या अमोनियाचा युरिया करणाऱ्या क्रियेच्या) जन्मजात विकारात रक्तात अमोनिया साचतो तेव्हा हे औषध म्हणूनही देतात, ग्लायसिन या अमिनो अ‍ॅसिडला चिकटून हिप्युरिक अ‍ॅसिड होतं आणि त्यातला नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडतो.