दगड होणारा पोरगा आणि ठाणे फास्ट

१९६३ साली अमेरिकन कॉमिक्समध्ये नाकारलेल्यांची एक टोळी अवतरली. ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ या महानायकांच्या संघात घेतलं नाही म्हणून या पोरांनी आपला पर्यायी संघ काढला. नाइट गर्लकडे अचाट ताकद, पण ती फक्त अंधारात. क्लोरोफिल किड झाडं भराभर वाढवणार. स्टोन बॉय मनात आलं की दगड होणार, आणि एकदा दगड झाला की त्याला जागचं हलता येणार नाही. आपल्याकडेही सहदेव आहेच. त्याला पुढचं सगळं कळायचं, पण कोणी विचारल्याशिवाय सांगायची सोय नव्हती, असं लोककथा म्हणते.

हसू येतं खरं. पण भौतिकशास्त्राची फुटपट्टी लावली, तर आधी नापास होतात ते संघात मानाने घेतलेले.

सुसाट धावण्याची शक्ती घ्या. ठाणेकराला आणखी काय हवं? १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या मार्गावर धावली, त्याच ३४ किलोमीटरसाठी आजही फास्ट लोकल पाऊण तास घेते. आपला नायक ते अंतर एका मिनिटात कापतो असं धरू. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ५६७ मीटर, आवाजाच्या दीडपटीहून जास्त. मुलुंड ते मशीद बंदर, रुळालगतच्या खिडक्यांची तावदानं शाबूत राहणं कठीण.

त्याचं स्वतःचं काय होईल? काहीतरी दिसणं आणि पाय आवरणं यात माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात हा ११० मीटर पुढे गेलेला असेल, म्हणजे जवळजवळ अर्धी बारा डब्यांची लोकल. मध्ये कोण आलं हे त्याला नंतर कळणार! शिवाय समोरची हवा बाजूला सरायच्या आत दबते, आणि दबलेली हवा तापते. हिशेब केला तर चेहऱ्यावरची हवा १९० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. स्टेशनबाहेर वडे तळतात ते तेल साधारण एवढंच तापलेलं असतं.

आणि थांबायचं कसं? सीएसएमटीला एका सेकंदात ब्रेक मारला, तर शरीरावर गुरुत्वाच्या ५८ पट जोर येईल. याची थोडी कल्पना आहे ती जॉन स्टॅप या अमेरिकन हवाई दलाच्या डॉक्टरमुळे. १९५४ च्या डिसेंबरमध्ये हा गृहस्थ रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर स्वतः बसला, ताशी हजार किलोमीटरचा वेग गाठला आणि १.४ सेकंदांत थांबला. जोर होता ४६.२ पट. तो जगला, पण डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि काही काळ दिसेनासं झालं. रोज अप-डाउन करणाऱ्याला हे परवडणारं नाही.

म्हणजे नुसते वेगवान पाय मिळून भागत नाही. तेवढेच चपळ मेंदू, न भाजणारी कातडी आणि न फुटणाऱ्या रक्तवाहिन्याही हव्यात. लेखक शक्ती एकच देतो. तिच्यासोबत लागणारं बाकीचं सामान गुपचूप गृहीत धरतो.

ताकदीचंही तेच. नायकाने लोकलचा ४० टनांचा डबा डोक्यावर उचलला, तर सगळा भार त्याच्या दोन तळव्यांवर येतो. तळव्यांचं क्षेत्रफळ मिळून जेमतेम ४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला १००० टन. नवी मुंबईत खाडीकाठचा मऊ गाळ मोजके काही टनच पेलतो. म्हणून तर तिथे मोठ्या इमारतींचे पाइल, म्हणजे जमिनीखालचे पायाचे खांब, थेट खालच्या खडकापर्यंत न्यावे लागतात. तिथे डबा जागेवर राहील आणि नायक गाळात जाईल.

अदृश्य माणसाची गत आणखी वाईट. दिसायचं तर डोळ्यातल्या पडद्याने प्रकाश अडवायला हवा, आणि पूर्ण पारदर्शक डोळा प्रकाश अडवतच नाही. तो आंधळा. एच. जी. वेल्सला हे ठाऊक होतं. १८९७ च्या कादंबरीत त्याने नायकाच्या डोळ्यांमागे रंगाचा पुसटसा अंश शिल्लक ठेवला आहे. तरी सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या पुलावर, जिथे दिसणाऱ्यालाच कोणी वाट देत नाही, तिथे न दिसणाऱ्याने जाऊच नये.

आता पुन्हा त्या दगड होणाऱ्या पोराकडे. टार्डिग्रेड नावाचा, मिलिमीटरभरही नसलेला प्राणी जवळपास हेच करतो. जुन्या भिंतींवरच्या मॉसमध्ये तो राहतो. पाणी आटलं की पाय आत ओढून गोळा होतो, अंगातलं जवळजवळ सगळं पाणी जाऊ देतो आणि निपचित पडतो. २००७ मध्ये असे सुकवलेले टार्डिग्रेड अंतराळात उघड्यावर ठेवले होते. परतल्यावर पाणी मिळताच त्यातले बरेच हलू लागले. पण सुकणं सावकाश व्हावं लागतं. झटकन सुकवला तर मरतो. मला तरी स्टोन बॉय आता पहिल्याइतका हास्यास्पद वाटत नाही.

त्याच कॉमिक्समधला मॅटर-ईटर लॅड काहीही खाऊ शकतो. हा मात्र मुख्य संघात होता. त्याचा खरा भाऊबंद २०१६ मध्ये जाहीर झाला: जपानमधल्या साकाई शहरात सापडलेला, पाण्याच्या बाटल्यांचं पेट प्लास्टिक खाणारा जिवाणू, इडिओनेला साकाएन्सिस. इथे निसर्गाने सामान पुरवलेलं आहे. एक विकर (एन्झाइम) प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळीचे तुकडे करतं, पण त्या तुकड्यांवर जिवाणूचं पोट भरत नाही. दुसरं विकर त्यांचे आणखी लहान रेणू करतं, तेव्हा कुठे ते पचतात. एवढं असूनही ३० अंश तापमानात पातळ, मऊ फिल्मचा एक तुकडा संपवायला त्याला सहा आठवडे लागले. बाटलीचं प्लास्टिक त्याहून घट्ट रचनेचं असतं. त्यामुळे खाडीत अडकलेल्या बाटल्या सध्या तरी हातानेच उचलाव्या लागणार.