‘नोबी’मागचं लेयते: एका खोट्या विजयाची किंमत

‘नोबी’ हा 1959 चा जपानी युद्धपट सुरू होतो तो एका थपडेने. क्षयाने पोखरलेला शिपाई इस्पितळातून परत आलाय आणि तुकडीप्रमुख त्याच्यावर खेकसतोय: तुला पोसायला आमच्याकडे काही नाही, परत जा, घेतलं नाही तर हातबॉम्ब आहेच. साल 1945, महिना फेब्रुवारी, बेट फिलिपाइन्समधलं लेयते. हे सैनिक या दशेला कसे आले, ते चित्रपट सांगत नाही. 1959 च्या जपानी प्रेक्षकाला ते सांगायची गरजच नव्हती. आपल्याला आहे, कारण हा चित्रपट ‘जंगलात माणसाचं जनावर होतं’ एवढ्यावर संपवला जातो, आणि ती उपासमार कोणी ओढवली हा प्रश्न बाजूलाच राहतो.

मूळ योजनेत लेयतेवर निर्णायक लढाई नव्हतीच. जमिनीवरची मोठी झुंज लुझोन या मुख्य बेटावर द्यायची, दक्षिणेकडच्या बेटांवर नौदल आणि विमानांनी शत्रूला अडवायचं, असं ठरलं होतं. मग 12 ते 16 ऑक्टोबर 1944 या दिवसांत तैवानजवळ हवाई लढाई झाली. परतलेल्या वैमानिकांनी जे सांगितलं त्याची बेरीज होत होत टोकियोने जाहीर करून टाकलं: अमेरिकेच्या 11 विमानवाहू नौका बुडवल्या. देशभर जल्लोष झाला. प्रत्यक्षात एकही विमानवाहू नौका बुडाली नव्हती. दोन क्रूझर युद्धनौका जबर जखमी झाल्या होत्या, इतकंच. वैमानिक बरेचसे नवशिके. रात्रीच्या अंधारात आपलीच पेटलेली विमानं त्यांना शत्रूची जळती जहाजं वाटली असावीत, असं मानलं जातं.

20 ऑक्टोबरला अमेरिकी फौजा लेयतेवर उतरल्या तेव्हा वरच्यांना वाटलं, हे तर पराभूत आरमाराचे उरलेसुरले लोक. योजना फिरवली, लढाई लेयतेवरच करायची! फिलिपाइन्समधल्या सेनापतीचा याला विरोध होता. तयारी लुझोनची, जहाजं अपुरी, आणि विजयाच्या आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. त्याचं कोणी ऐकलं नाही. नौदलाला आपली चूक अमेरिकी फौजा उतरण्यापूर्वीच कळली होती आणि त्यांनी ती लष्कराला सांगितली नाही, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आकडे खोटे असल्याचा इशारा देणारी तार एका गुप्तवार्ता अधिकाऱ्याने पाठवली होती. ती टोकियोच्या मुख्यालयात कोणी दाबली, यावर अजून वाद आहे. मला विचाराल तर तार कोणाच्या टेबलावर अडली हा दुय्यम मुद्दा आहे. खुद्द रणभूमीवरचा सेनापती नको म्हणत होता, तेवढं पुरेसं होतं. हट्ट धरणारं, या सेनापतीच्या वरचं आग्नेय आशियातल्या सैन्याचं मुख्यालय नोव्हेंबरात मनिलाहून सायगावला निघून गेलं. माणसं मात्र पाठवली जात राहिली. 11 नोव्हेंबरला लेयतेच्या पश्चिमेकडच्या ऑर्मोकच्या खाडीत कुमक घेऊन आलेला जवळजवळ अख्खा जपानी ताफा बुडाला.

डिसेंबरात लेयते सोडून द्यायचं ठरलं. माणसं परत आणायची सोय नव्हती, म्हणून हुकूम गेला: ‘जिकात्सु जिसेन’. आपलं आपण जगा, आपलं आपण लढा. ज्या सैन्याने 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटावरच्या माघारीला ‘तेनशिन’, म्हणजे दुसऱ्या दिशेने कूच, म्हटलं होतं, त्याच सैन्याची ही भाषा. रसद येणार नाही, हे सरळ सांगायचं धाडस कोणात नव्हतं.

चित्रपटातला बुटांचा प्रसंग या हुकुमाशेजारी ठेवून पाहावा. पावसात वाटेवर बूट पडलेत. एक शिपाई थांबतो, आपले फाटके काढून ते घालतो. मागून येणारा त्याचे टाकलेले घालतो. शेवटी आपला क्षयरोगी पोचतो तेव्हा उरलेल्या जोडाला तळच नसतो; तो अनवाणी पुढे जातो. आणि हे सगळे निघालेत पालोम्पोन बंदराकडे, तिथून सुटका होईल या आशेने. ते बंदर 25 डिसेंबरलाच अमेरिकेच्या हाती गेलं होतं.

लेयतेवर सुमारे 84 हजार जपानी सैनिक होते. त्यातले जवळपास 80 हजार मेले. किती उपासमारीने, याचा वेगळा हिशेब नाही. सबंध युद्धातल्या जपानी सैनिकी मृत्यूंपैकी 60 टक्के भूक आणि तिच्यातून आलेल्या रोगांचे, असं एका इतिहासकाराने मांडलं. दुसऱ्याने 37 टक्के म्हटलं. कमी आकडा धरला तरी लाखोंच्या घरात जातो. फिलिपिनो लोकांचं काय झालं, ते चित्रपटात एका झोपडीपुरतं दिसतं: जमिनीखाली लपवलेलं मीठ न्यायला आलेली तरुणी शिपायाच्या गोळीने मरते, आणि तो मीठ पिशवीत भरतो.

मूळ कादंबरी 1951 ची. लेखक स्वतः फिलिपाइन्समधल्याच मिंदोरो बेटावर पकडला गेलेला शिपाई. कादंबरीतला नायक वाचतो आणि वेड्यांच्या इस्पितळात बसून आठवणी लिहितो. चित्रपटाने त्याला वाचवलं नाही. तो शेतातल्या धुराकडे, माणसांच्या दिशेने, चालत जातो आणि गोळी लागून पडतो. लेखकाचं मात्र लेयतेवरून मन निघालं नाही. 1967 पासून त्याने त्या लढाईचा तुकडीवार, तारखेवार इतिहास लिहायला घेतला. तो 1971 मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात ऑक्टोबरमधला तो निर्णय आहे, आणि कादंबरीत नावानिशी न आलेल्या तुकड्या आहेत.

याच कादंबरीवर दुसरा चित्रपट निघाला. पैसे मिळेनात म्हणून दिग्दर्शकाने तो जवळपास स्वतःच्या बळावर केला, नायकही स्वतःच झाला. जुलै 2015 मध्ये तो जपानी चित्रपटगृहांत लागला तेव्हा सैन्याला परदेशात लढण्याची मुभा देणारी विधेयकं संसदेत होती आणि बाहेर रस्त्यावर निदर्शनं चालू होती. सप्टेंबरात ती विधेयकं मंजूर झाली.