सूक्ष्म आरोग्य विमा

ज्यांना महिन्याचा ठरलेला पगार नाही अशा कमी कमाईच्या घरांसाठी थोडक्या हप्त्यात थोडकं संरक्षण देणारा आरोग्य विमा. 'लघु आरोग्य विमा', 'आरोग्य निधी' असंही म्हणतात, बोलताना सरळ मायक्रो इन्शुरन्स. घरातलं माणूस ॲडमिट झालं की दागिने गहाण पडतात, शेळी विकली जाते, सावकाराचं दार गाठावं लागतं, तर हा खर्च एकट्या घराच्या मानगुटीवर न बसता पुष्कळ घरांत वाटला जावा, एवढीच मूळ कल्पना. बरेच जण याला भिशीसारखं समजतात, पण भिशीत आपला नंबर कधी ना कधी लागतो आणि पैसे परत येतात, इथे जो आजारी पडला नाही त्याचा हप्ता गेला तो गेला. गावात योजना समजावून सांगताना सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर जातो.

शब्दाचा उगम बऱ्यापैकी निश्चित आहे. 'मायक्रो इन्शुरन्स' ही संज्ञा आरोग्य विम्याच्या संदर्भात डेव्हिड ड्रोर आणि ख्रिश्चन जॅकिए या दोघांनी १९९९ मधल्या लेखात मांडली, असं बहुतेक अभ्यासक धरतात. यात एक बारकावा आहे आणि तो नेहमी निसटतो. त्यांच्या मांडणीत 'मायक्रो' म्हणजे लहान रक्कम नव्हे, तर समाजाचा जो थर हा व्यवहार सांभाळतो तो लहान, म्हणजे राष्ट्रीय योजनेच्या खालचा, गाव, वस्ती, बचत गट या पातळीवरचा. पुढे भारतात विमा नियामक प्राधिकरणाने २००५ मध्ये सूक्ष्म विम्याचे नियम काढले त्यात मात्र व्याख्या रकमेवर आली, आरोग्य विम्याला किमान ५,००० आणि कमाल ३०,००० रुपये. तेव्हापासून 'सूक्ष्म' म्हणजे 'स्वस्त' हाच अर्थ रुळला. माझ्या मते आधीचा अर्थ जास्त कामाचा आहे, कारण योजना टिकते की बुडते हे हप्ता किती यापेक्षा निर्णय कोण घेतं आणि पैसे कधी मागितले जातात यावर जास्त ठरतं.

शब्द नवा असला तरी प्रथा जुनी आहे, पण भारतातली पहिली योजना कुठली यावर एकमत नाही. काही याद्यांत कलकत्त्याचं स्टुडंट्स हेल्थ होम (१९५२ च्या सुमारास) पहिलं धरलेलं असतं, पण ते विद्यार्थ्यांसाठी होतं, घरांसाठी नाही. मद्रासला डॉ. के. एस. संजीवी यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस ही संस्था सुरू केली आणि तिथे कुटुंबाच्या कमाईप्रमाणे वर्गणी घ्यायची पद्धत पडली, त्यामुळे दवाखान्याने चालवलेला विमा म्हणून मद्रासचा हक्क वरचढ वाटतो. पण गावाने मिळून भरलेला विमा म्हटलं की वर्ध्याजवळच्या सेवाग्रामकडेच यावं लागतं.

सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलची योजना 'ज्वारी विमा' या नावानेच ओळखली जाते. सुरुवात १९७० च्या दशकाच्या अखेरीस, काही ठिकाणी १९७८ दिलंय तर काही ठिकाणी १९८० नंतरचं, बहुधा पहिली गावं आणि रीतसर योजना यांतल्या फरकामुळे. डॉ. उल्हास जाजू यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं आहे. हप्ता रोख नव्हता, ज्वारीत होता. विदर्भात खरिपाची ज्वारी दिवाळीनंतर खळ्यावर येते, वर्षात घरात काही शिल्लक असते ती त्याच दिवसांत, पुढे लग्न, बी-बियाणं, खत, उधारी यात सगळं उडून जातं. म्हणून धान्य घरात आलं की तेव्हाच मापून द्यायचं, आणि तेही जमिनीच्या मानाने, जास्त एकरवाल्याने जास्त, भूमिहीन मजुराने कमी. आजारपणात मदत मिळताना मात्र कोणी किती ज्वारी घातली हे पाहायचं नाही. दुसरी अट गावाची, सुमारे तीन चतुर्थांश घरं आली तरच गाव योजनेत, नाहीतर फक्त आजारी घरंच नाव नोंदवतात आणि निधी बुडतो. (विम्याच्या पुस्तकात याला 'प्रतिकूल निवड' म्हणतात, गावात म्हणतात की ज्याला गरज तोच येतो.) तिसरी गोष्ट, अचानक आलेलं आजारपण मोफत, पण आधी माहीत असलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे साधं बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया, बिलाचा एक चतुर्थांश भाग घरानेच द्यायचा. आता वर्ध्याकडे ज्वारी मागे पडून कापूस-सोयाबीन आलंय पण योजनेचं नाव ज्वारीचंच आहे.

अहमदाबादला इला भट्ट यांच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने (स्थापना १९७२) विमोसेवा ही विमा योजना १९९२ मध्ये सुरू केली. विडी वळणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायका हे तिचे सभासद. २००० च्या आसपास वर्षाचा हप्ता साडेबहात्तर रुपये होता, त्यातले ३० आरोग्यासाठी, आणि वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च परत मिळायचा. दरवर्षी हप्ता काढणं जड जातं म्हणून एकदाच सेवा बँकेत ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून हप्ता आपोआप भरायचा, अशी सोय होती. ही फार शहाणपणाची सोय, कारण हप्ता चुकतो तो बहुतेक वेळा मन नाही म्हणून नाही, त्या आठवड्यात हातात पैसे नाहीत म्हणून चुकतो.

पण विमोसेवाची अडचणही इथेच दिसते. पैसे आधी पदरचे भरायचे, मग बिल, डॉक्टरचं सर्टिफिकेट, औषधाच्या चिठ्ठ्या जोडून क्लेम टाकायचा. ज्या बाईकडे आधी भरायलाच पैसे नाहीत ती ॲडमिटच होत नाही, आणि झाली तरी मेडिकलवाल्याने पक्कं बिल दिलेलं नसतं. खेड्यातल्या सभासदांचे क्लेम शहरातल्यांपेक्षा कमी येतात हे तिथल्या अभ्यासांत दिसलं, म्हणजे हप्ता दोघींचा सारखा आणि फायदा शहराच्या जवळ राहणारीला जास्त. त्याच क्लेमच्या कागदांतून गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचं मोठं प्रमाणही समोर आलं, बऱ्याच बायका चाळिशीच्या आतल्या. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. विमा असला की नको ती ऑपरेशनं वाढतात का, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे आणि तो टाळून चालणार नाही.

हिशोबाची बाजू थोडी सांगायला हवी. समजा वर्षाला शंभरात पाच माणसं ॲडमिट होतात आणि सरासरी खर्च ८,००० रुपये, तर माणशी ४०० रुपये हा नुसता आजारपणाचा खर्च झाला, वसुली करणाऱ्याचा पगार, कार्ड, कागद वेगळे. २०० माणसांच्या गावात दहा जण अपेक्षित, पण पंधरा किंवा जास्त जण ॲडमिट होणं हे दहा-बारा वर्षांतून एकदा सहज होतं, आणि त्या वर्षी खर्च निधीच्या दीडपट होतो. २०,००० माणसं असली तर हजारच्या जागी साठ जास्त होणंसुद्धा विरळ. म्हणून गट लहान असला की निर्णय जवळचा राहतो पण निधी कमजोर, गट मोठा केला की निधी भक्कम पण माणूस अनोळखी. सगळ्या योजना याच ओढाताणीत अडकतात, आणि यावर बरा उपाय एकच दिसतो, निर्णय खाली ठेवायचा आणि मोठा धोका वरच्या विमा कंपनीकडे किंवा सरकारकडे द्यायचा.

मोठ्या गटाचं उदाहरण कर्नाटकातली यशस्विनी. हृदयशस्त्रक्रिया करणारे डॉ. देवी शेट्टी यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी सुरू झाली, पहिल्या वर्षी माणशी ६० रुपये, फक्त ऑपरेशनं. ताप, डेंग्यू, न्यूमोनिया त्यात नव्हते. २०१८ मध्ये ती राज्याच्या दुसऱ्या योजनेत विरली आणि २०२२ मध्ये परत सुरू झाली. केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना २००८ पासून २०१८ पर्यंत होती, पाच जणांच्या कुटुंबाला ३०,००० रुपये, घराने फक्त ३० रुपये नोंदणी भरायची, बाकी सरकारचं. कॅशलेस असल्यामुळे विमोसेवातली अडचण इथे सुटली. महाराष्ट्रात जीवनदायी (२०१२, आधी आठ जिल्हे) आणि तिचंच नाव बदलून झालेली महात्मा फुले योजना, मग २०१८ ची आयुष्मान भारत, यांत हप्ता घराकडून घेतच नाहीत, त्यामुळे त्यांना सूक्ष्म विमा म्हणावं का यावर मतभेद आहेत. ड्रोर-जॅकिएंच्या अर्थाने तर नाहीच.

भारताबाहेर बांगलादेशात गोणोशास्थ्य केंद्राने १९७० च्या दशकातच ऐपतीप्रमाणे वर्गणी लावली. रवांडात १९९९ मध्ये तीन जिल्ह्यांत सुरू झालेला प्रयोग देशभर गेला आणि २०११ पासून घराच्या स्थितीप्रमाणे माणशी २,०००, ३,००० किंवा ७,००० फ्रँक असा हप्ता लागला, अगदी गरिबांचा सरकार भरायचं.

पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत अन्नपूर्णा परिवारासारख्या संस्थांनी विमा कंपनीकडे न जाता स्वतःचा आरोग्य निधी उभा केला. सभासदांनी निवडलेल्या बायका क्लेमचे कागद समोर घेऊन बसतात आणि मंजूर-नामंजूर त्याच ठरवतात. पैसे आपल्याच निधीतले, आणि समोरची बाई कुठल्या गल्लीतली, कुठल्या दवाखान्यात होती हे ठाऊक असतं, त्यामुळे खोटं बिल सहसा चालत नाही आणि खरं बिल नुसत्या सहीवाचून अडकत नाही.

ओपीडी मात्र कंपनीच्या बहुतेक पॉलिसीत आणि सरकारी योजनांतही बाहेरच राहते. बीपी, शुगरच्या गोळ्या, रक्त तपासणी, मुलाचा खोकला, हा दर महिन्याचा खर्च घरानेच करायचा. ज्यांचा स्वतःचा दवाखाना आहे अशा सेवाग्राम किंवा गोणोशास्थ्यसारख्या योजनांनाच तो थोडाफार उचलता आला आहे.