एप्रनचे ठिगळ आणि रेशमी शाल

३० सप्टेंबर १८८८ रोजी पहाटे पावणेदोनच्या सुमारास लंडनच्या मायटर स्क्वेअरमध्ये गस्तीवरील हवालदाराला कॅथरीन एडोज यांचा मृतदेह आढळला. ‘जॅक द रिपर’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि कधीच न सापडलेल्या खुन्याच्या बळींपैकी त्या एक. त्यांच्या एप्रनचा एक तुकडा कापून नेलेला होता. तासाभराने तो रक्ताळलेला तुकडा गोल्स्टन स्ट्रीटवरील एका इमारतीच्या दाराशी सापडला. पोलीस सर्जन डॉ. गॉर्डन ब्राउन यांनी दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहिले, तेव्हा एप्रनवरील ठिगळाची शिवण दोहोंवर तंतोतंत जुळली. खुनी कोणत्या दिशेने गेला, हे त्यावरून कळले. ‘जॅक द रिपर’ प्रकरणात याहून भक्कम भौतिक पुरावा माझ्या मते दुसरा नाही.

त्या काळी रक्त माणसाचे की जनावराचे, हेदेखील खात्रीने ओळखता येत नव्हते. रक्तगटांचा शोध १९०० नंतरचा, आणि बोटांच्या ठशांचा विभाग कोलकात्यात १८९७ साली, तर स्कॉटलंड यार्डमध्ये १९०१ साली सुरू झाला. त्यामुळे संशयितांची नावे बरीचशी तर्कावर उभी राहिली. पोलीस अधिकारी मेलव्हिल मॅकनॉटन यांनी १८९४ च्या टिपणात तीन नावे लिहिली. त्यांपैकी ड्रुइट यांना त्यांनी डॉक्टर म्हटले, ते प्रत्यक्षात बॅरिस्टर व शिक्षक होते. ऑस्ट्रोग तर खुनांच्या काळात फ्रान्सच्या तुरुंगात होता, असे पुढे निष्पन्न झाले. तिसरे नाव ‘कोस्मिन्स्की’ एवढेच होते. तो म्हणजे १८९१ साली मनोरुग्णालयात दाखल झालेला पोलिश ज्यू न्हावी ॲरन कोस्मिन्स्की, ही ओळख नंतरच्या अभ्यासकांनी जुळवली.

याच ॲरनवर २०१४ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये एका शोधनिबंधातून, डीएनएचे बोट ठेवले गेले. एडोज यांची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या रेशमी शालीवरील डागांतून मायटोकॉन्ड्रियल डीएनए मिळवून तो एडोज आणि कोस्मिन्स्की या दोन्ही घराण्यांच्या वंशजांशी ताडून पाहण्यात आला. हा सुमारे १६,५०० अक्षरांचा डीएनए केवळ आईकडून मुलांना मिळतो, त्यामुळे तो आडनावासारखा असतो: एकाच आडनावाची गावात शंभर घरे असावीत, तसा तो असंख्य माणसांत सारखाच आढळतो. तो जुळला नाही तर संशयिताला वगळता येते. जुळला म्हणून त्याच एका माणसावर शिक्कामोर्तब होत नाही. शिवाय २०१४ साली एडोज यांच्या बाजूने डीएनएच्या अक्षरांतील ज्या बदलाला २,९०,००० माणसांत एखाद्याकडेच आढळणारा म्हटले गेले, त्याचे नामकरणच चुकले होते. तो बदल युरोपीय वंशाच्या ९९ टक्क्यांहून अधिक लोकांत असतो. २०१९ च्या निबंधात तर गोपनीयतेचे कारण देऊन डीएनएची अक्षरे छापलीच नाहीत, त्यांच्या जागी रंगीत चौकोन दाखवले. पडताळणीची वाटच अशी बंद करणे मला गंभीर वाटते.

परंतु मूळ अडचण प्रयोगशाळेच्या आधीची आहे. एका सार्जंटने ती शाल घटनास्थळावरून घरी नेली, अशी कौटुंबिक आख्यायिका आहे. मात्र लंडनमध्ये पोलिसांची दोन वेगळी दले होती: तो सार्जंट महानगर पोलीस दलातला, आणि मायटर स्क्वेअर सिटी पोलिसांच्या हद्दीत. मधल्या शतकभरात ती किती हातांतून गेली, त्याची नोंद नाही. याउलट पोलिसांनी त्या रात्री एडोज यांच्या वस्तूंची यादी बारकाईने केली होती: चहाचा डबा, साखरेचा डबा, साबणाचे सहा तुकडे, मातीच्या दोन चिलमी, सुया-टाचण्या आणि जुन्या पांढऱ्या एप्रनचा तुकडा. त्या यादीत शाल नाही.