डी-बॉल ते मेफेंटरमाइन : हौशी व्यायामपटूंपर्यंत औषधं कशी पोहोचली

जिममध्ये ‘डी-बॉल’ म्हणून हातोहात फिरणारी गोळी १९५८ मध्ये सिबा कंपनीने अमेरिकेच्या बाजारात आणली. मूळ नाव डायनाबॉल, रसायन मेथँडिएनोन, म्हणजे स्नायू वाढवणारं स्टेरॉइड. तिच्यामागे जॉन झिगलर नावाचे डॉक्टर होते. १९५४ मध्ये व्हिएन्नातल्या जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत, सोव्हिएत खेळाडू टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेतात, हे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी अमेरिकी लिफ्टर्सवर प्रयोग सुरू केले. पुढे खेळाडू सांगितल्याच्या कितीतरी पट गोळ्या खाऊ लागले आणि या सगळ्याचा खुद्द झिगलर यांनाच पश्चात्ताप झाला.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून स्टेरॉइडची तपासणी सुरू झाली. १९८८ मध्ये सोलला धावपटू बेन जॉन्सनचं सुवर्णपदक स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडमुळे गेलं. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यात २०१६ मध्ये सापडलं तेही हेच मेथँडिएनोन. आपल्या आहारात कुणीतरी ते मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. क्रीडा लवादाने ते मानलं नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. एवढा कडक पहारा आहे, पण तो पदकासाठी खेळणाऱ्यांभोवती. ऑफिस सुटल्यावर तासभर घाम गाळणाऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

त्याच्यापर्यंत माल पोहोचला तो सप्लिमेंटच्या डब्यांतून. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने सप्लिमेंट विकण्याआधी परवानगी घेण्याची गरज उरली नाही. घातक काय ते सरकारनेच नंतर सिद्ध करायचं. सप्लिमेंटमधल्या एफेड्रा या उत्तेजक वनस्पतीवर बंदी यायला २००४ उजाडलं. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये एक तीस वर्षांची हौशी धावपटू शेवटच्या टप्प्यात कोसळून मरण पावली. तिने पाण्यात मिसळून घेतलेल्या पावडरीत डीएमएए हे उत्तेजक होतं. ती पावडर तोवर दुकानात उघड मिळत होती.

याच काळात क्रॉसफिट हा व्यायामप्रकार वाढला. २००० मध्ये स्थापना, २००७ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्या स्पर्धा. आज जड वजन, उद्या धावणं, परवा दोन्ही, तेही घड्याळ लावून. अशा व्यायामात शरीराची झीज भरून यायला वेळ लागतो आणि नेमका तोच वेळ वाचवण्याचं आमिष ही औषधं दाखवतात. २०१७ च्या क्रॉसफिट स्पर्धेत तिसरा आलेला रिकी गॅरार्ड टेस्टोलोन आणि जीडब्ल्यू५०१५१६ ही बंदी असलेली रसायनं घेतल्याचं सिद्ध होऊन बाद झाला. यातल्या दुसऱ्या रसायनाने प्राण्यांमध्ये कर्करोग होतो असं दिसल्यावर त्याचा औषध म्हणून विकास थांबवला होता. तरीही ते ऑनलाइन मिळतं. बाटलीवर छापलेलं असतं : ‘फक्त संशोधनासाठी, मानवी सेवनासाठी नाही.’ हे वाचूनही माणसं ते जिभेवर घेतात.

आपल्याकडे तालमीतल्या पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. वस्ताद सांगेल ते आणि तेवढंच खायचं. जिममध्ये वस्तादाच्या जागी ट्रेनर आला आणि बऱ्याच ठिकाणी डबा विकणाराही तोच. गेल्या काही वर्षांत पुण्यात पोलिसांनी वारंवार जप्त केलेलं मेफेंटरमाइन तर स्टेरॉइडही नाही. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो सावरण्यासाठी हे इंजेक्शन देतात. त्याने स्नायू वाढत नाहीत. ठोके आणि रक्तदाब चढतो, थकवा जाणवत नाही आणि दमलेलं हृदय आणखी राबवलं जातं.

स्टेरॉइडचं दुखणं वेगळं आणि चिवट. बाहेरून संप्रेरक येऊ लागलं की मेंदू वृषणांना कामाचा निरोप पाठवणं थांबवतो. शुक्राणू घटतात, वृषणं आकसतात. औषध बंद केल्यावर हे चक्र पुन्हा सुरू व्हायला कित्येक महिने लागू शकतात. त्या दिवसांत अंगात त्राण नसतं, मन खचतं, कमावलेलं शरीर आरशात उतरताना दिसतं. पोरं दुसरी ‘सायकल’, म्हणजे औषधांचा पुढचा कोर्स, सुरू करतात ती बहुतेकदा याच दिवसांत, डॉक्टरला न सांगता.